बाहत्तर वेढे

अंगठी काढली, कवळी काढली.
डनूटाने विचारलं, शरीरात कुठे लोखंड?
म्हटलं, नाही गं. तांबं असेल थोडं, बोटांत मुरलेलं.
ती हसली नाही. माझ्यामागे अजून नऊ जण होते.

फळी सरकली, आणि मी आत गेले
माझ्याच जुन्या कामाच्या पोटात.

तेव्हा अॅबर्डीनच्या एका तळघरात
हे नुसतं लाकडी धूड होतं, पितळी स्क्रूंवर उभं.
लोखंडाला बंदी.
माझं घड्याळ तिथेच बंद पडलं, चार वाजून दहा मिनिटांनी,
तरी मी ते घालत राहिले.
मासळीच्या कारखान्यातून मला उचललं होतं:
हिची बोटं चपळ आहेत, तार गुंडाळेल.

काय गुंडाळतेय ते कुणी सांगेना.
शेवटी लॅमॉन्टला गाठलं, तो डबा खात होता.
म्हणाला, मेव्हिस, हॅडॉक घे, माणूस घे, बटाटा घे,
सगळं शेवटी पाणीच, आकार धरून बसलेलं.
पाण्याच्या कणाकणात दोन-दोन भोवरे,
एरवी ज्याचं तोंड जिकडे, तो तिकडे.
चुंबकात आणले की थोडे शिस्तीत येतात.
फार नाही. कोटीत एखाद-दुसरा जास्तीचा.
आपलं सगळं दुकान त्या एखाद-दुसऱ्यावर.

मग रेडिओची एक टिचकी.
भोवरे कलतात, डुलतात,
आणि सावरता सावरता गुणगुणतात.
चरबी चटकन सावरते, पाणी रेंगाळतं,
सुजलेली, दुखरी जागा आपला वेळ घेते.
त्या उशिरावरून आपण ती ओळखायची.

पण कोण कुठून गातंय, मी विचारलं.
तो घास गिळून म्हणाला, ती तर तुझी वेटोळी सांगतात.
एका बाजूला जोर अंमळ जास्त, दुसरीला अंमळ कमी;
डाव्या कानाजवळचं पाणी मग वरच्या सुरात,
उजव्याजवळचं खालच्या.
गलका एकदमच येतो. गणित बसून तो निवडतं,
तू मासळी निवडायचीस तसा.

घरी डॉडला सांगितलं.
बोटीवर एका सुईच्या भरवशावर जगणारा माणूस.
म्हणाला, माझी सुई एकटीच बरी,
विचारलं की उत्तर तरी दाखवते.

डिसेंबरात धुकं पडलं, त्याची बोट दोन दिवस आली नाही.
मी कामावरच होते. गुंडाळत होते.
चाळीसनंतर कुठेतरी आकडा निसटला.

बोट आली. यंत्र बिघडलं.
आमच्या शिपायाचं डोकं पडद्यावर
कलंडलेल्या सलगमासारखं दिसू लागलं.
तीन आठवडे सगळे डोकी खाजवत होते.
गणित तपासलं, वायरी तपासल्या,
शेवटी शेजारच्या इमारतीतल्या लिफ्टवर आळ आला.
एका रात्री मी वेटोळं उलगडलं
आणि बोटांनी मोजलं. एकाहत्तर.
पुन्हा गुंडाळलं. दिवा मालवला.
दुसऱ्या दिवशी शिपायाचं डोकं सरळ.
लिफ्ट मात्र कायमची बदनाम.

पुढे दवाखान्यांनी यंत्राच्या नावातला अणू गाळला,
लोक भितात म्हणून.
माझं नाव तर मुळात नव्हतंच,
आणि मी कुणाला भिववलंही नसतं.

आता डोक्याभोवती ठोके पडतात, हातोड्यासारखे.
बाकीच्यांना धडकी भरते. मला माहीत आहे,
वीज आत-बाहेर करते, चुंबक ढकलतं,
आणि तार अंग चोरते. आमची टाइपरायटरएवढीच वाजायची.
या नव्या चुंबकात म्हणे वीज एकदाच सोडली,
हीलियमच्या गारठ्यात ती अजून फिरतेय,
कुणी ढकलत नाही, थकत नाही.
डॉडला हे पटलं नसतं.

मी ठोके मोजू लागले. एकाहत्तरला थांबले.
कुणीतरी ऐकत होतं, तेवढंच पुरे झालं:
डनूटा, एक वेढा कमी होता.

कानात खरखर झाली.
आजी, बोलू नका. चित्र हललं.
आता परत पहिल्यापासून.